कपाळावरची आठी

आपल्या मराठी भाषेने कपाळाला जेवढे काम लावले आहे, तेवढे शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवाला क्वचितच लावले असेल. मूल जन्मले की पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळावर लिहून जाते. पुढे आयुष्यात जे जे वाट्याला येते, ते त्या लिखितात होते असे म्हणून माणूस मोकळा होतो. वारकरी तिथे बुक्का लावतो, नवरदेवाच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या जातात, दैव फुटले तर कपाळ फुटले म्हणायचे आणि नको तो पाहुणा दारात दिसला की कपाळाला आठी घालायची. ही आठी म्हणजे सुरकुती नव्हे. सुरकुती वयाने येते, आठी मनाने येते. पण एकच आठी वीस-तीस वर्षे घालत राहिले की तिची सुरकुती होते, मग मन शांत असले तरी ती कपाळावर तशीच राहते.

अलीकडे ही आठी काढून टाकण्याचे, किंवा नेमके सांगायचे तर ती पडूच न देण्याचे, औषध निघाले आहे. सुईने ते भुवयांच्या मध्ये टोचतात. आरंभी त्याचे गिऱ्हाईक म्हणजे शहरातल्या श्रीमंत बायका आणि नटनट्या, अशी आपली समजूत होती. आता साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून किंवा सांगलीच्या विश्रामबागेतून सहज फेरी मारली, तरी त्वचेच्या डॉक्टरांच्या पाट्यांवर पुरुषाचा गुळगुळीत चेहरा हसताना दिसतो. माझ्या ओळखीतल्या दोघातिघांनी ही सुई घेतली आहे. त्यांपैकी एकानेही ते आपण होऊन सांगितले नाही. पुरुष असे काही करतो म्हणजे काळ बिघडला, असा शेराही पाठोपाठ ऐकू येतो. हा शेरा खरा आहे का, हे मला तपासून पाहावेसे वाटले. तपासू लागलो तेव्हा ध्यानात आले, की तरुण दिसू पाहणाऱ्या पुरुषाचा इतिहास लिहायचा झाला तर त्यातली मोठी प्रकरणे आपल्याच कृष्णाकाठी घडली आहेत.

आधी त्या औषधाची जन्मकथा सांगतो, कारण ती कादंबरीकारालाही सुचली नसती अशी आहे. बोटॉक्स या नावाने सर्वत्र ओळखले जाणारे हे द्रव्य मुळात एक विष आहे, आणि तेही आजवर माहीत असलेल्या विषांमधले सर्वांत जहाल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग संस्थानात बिघडलेले मांसाचे सॉसेज खाऊन माणसे दगावत. यूस्टिनुस केर्नर नावाच्या तिथल्या डॉक्टरने या रोग्यांचा बारकाईने अभ्यास करून 1820 आणि 1822 साली त्यावर लिहिले. हा डॉक्टर त्या काळचा नाणावलेला कवीही होता. त्याने ते विष स्वतःच्या जिभेवर घेऊन पाहिले, आणि अति अल्प प्रमाणात ते औषध म्हणून वापरता येईल असे भाकीत करून ठेवले. सॉसेजला लॅटिनमध्ये ‘बोटुलस’ म्हणतात, त्यावरून पुढे या विषाला नाव पडले.

दुसरा अंक बेल्जममधला. 1895 साली एलझेल नावाच्या खेड्यात एका अंत्ययात्रेसाठी वाजंत्री मंडळी आली होती. वाजवून झाल्यावर ती डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या जेवणाला बसली. त्यांच्यापैकी पुष्कळजण आजारी पडले, डोळ्यांपुढे एकाचे दोन दिसू लागले, गिळता येईना, आणि तिघे मरण पावले. एमिल व्हॅन एर्मेंगेम या प्राध्यापकाने त्या उरलेल्या मांसातून आणि मृतांच्या शरीरातून जंतू वेगळा काढला आणि 1897 मध्ये तो जगापुढे मांडला.

हे विष करते काय? मेंदूचा हुकूम मज्जातंतूंतून स्नायूपर्यंत येतो. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य बाहेर पडते आणि स्नायू आकसतो. विष त्या टोकाशी जाऊन बसते आणि हे द्रव्य बाहेर पडूच देत नाही. हुकूम सुटतो, पण पोहोचत नाही. श्वासाचे स्नायू असे थांबले तर माणूस मरतो. नेमका एखादा खट्याळ स्नायू थांबवला तर मात्र उपकार होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट या नेत्रवैद्याने तिरळ्या डोळ्यावर हा उपाय योजला, आधी माकडांवर आणि मग माणसांवर. माणसांवरचे त्याचे निष्कर्ष 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. 1989 साली अमेरिकन सरकारने तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी या औषधाला परवानगी दिली.

आठीचा शोध तर चुकून लागला. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरी जीन कॅरुथर्स ही नेत्रवैद्या पापण्यांच्या रोग्यांना हे औषध टोचत असे. 1987 च्या सुमारास एका रोगी बाईने तक्रार केली, की या वेळी कपाळाला टोचले नाही. तिथे टोचले की आपला चेहरा शांत दिसतो, असे तिचे म्हणणे! जीनबाईंचा नवरा त्वचारोगांचा डॉक्टर. नवराबायकोने विचार केला, प्रयोग केले आणि 1992 मध्ये लेख लिहिला. 2002 साली अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी औषध अधिकृत झाले. तिथून ते जगभर गेले. नेहमीची मात्रा वीस युनिटांची, पाच ठिकाणी विभागून. पुरुषाचे कपाळाचे स्नायू दणकट, म्हणून त्याला बहुधा जास्त लागते. दोन-चार दिवसांत गुण दिसू लागतो आणि तीन-चार महिन्यांत उतरतो. मग पुन्हा सुई आणि पुन्हा पैसे. हात चुकला तर पापणी लोंबते, तीही काही आठवड्यांत सावरते. पण औषध बनावट असेल तर खेळ जिवाशी येतो. 2004 साली फ्लॉरिडात विनापरवाना विष टोचल्याने चार माणसे पक्षाघात होऊन महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळली होती. स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याकडे हे कपाळ कधीही देऊ नये, एवढे मी शिक्षकाच्या अधिकाराने सांगतो.

ही झाली सुईची कथा. सुई परदेशातून आली, हे उघडच आहे. पण जी इच्छा ती सुई पुरवते, ती काही विमानातून उतरलेली नाही.

सातारा आणि सांगली ही नावे मी जोडीने घेतो, त्याला कारण आहे. 1949 साली सांगलीकडचा भाग साताऱ्यापासून वेगळा झाला तेव्हा त्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ असे ठेवले होते. 1960 मध्ये त्याचा सांगली जिल्हा झाला. माणसे, सोयरिकी, ऊस आणि भांडणे अजून एकच आहेत. याच भूमीत 1843 साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले आणि मराठी नाटक उभे राहिले. त्यातली सीता अर्थातच पुरुष होती. म्हणजे पुरुषाने तोंडाला रंग लावून सुंदर दिसण्याचा धंदा आपल्याकडे राजमान्य होऊन पावणेदोनशे वर्षे उलटली. तो रंग मात्र रंगपटात चढत असे आणि रंगपटातच उतरत असे.

या धंद्याचे शिखर म्हणजे बालगंधर्व. कृष्णाकाठचे नागठाणे हे त्यांचे गाव. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म 1888 चा. कानाच्या दुखण्यावर उपचार व्हावेत म्हणून शाहू महाराजांनी त्यांना मिरजेला पाठवले आणि मिरजेतच किर्लोस्कर मंडळींशी त्यांची गाठ पडली. 1905 मध्ये ते शकुंतला म्हणून उभे राहिले. पुढची तीस वर्षे भामिनी, रुक्मिणी, सिंधू या रूपांनी त्यांनी महाराष्ट्राला वेड लावले. त्यांचे लुगडे नेसणे आणि दागिने घालणे पाहून घरंदाज बायका आपले नेसणे बदलत.

त्यांची एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तरी इथे ती सांगणे भाग आहे. 1911 च्या मार्चमध्ये ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करावा असे भोवतालचे म्हणत होते. ते उभे राहिले. त्या रात्री भामिनीच्या कपाळावर पित्याच्या दुःखाची आठी प्रेक्षकांना दिसली नाही. आजची सुई स्नायूला बधिर करून जे साधते, ते त्यांनी मनाला आवरून साधले. त्यासाठी आत काय मोजावे लागले असेल, हे ज्याचे त्याने ओळखावे.

पण मनाच्या बळाने आठी आवरते, वय आवरत नाही. 1935 साली वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटात एकनाथांचे काम केले. तो पुरुषाचा चेहरा लोकांना परका वाटला. ते पुन्हा रंगभूमीकडे आले, पुन्हा लुगडे नेसले आणि पन्नाशी ओलांडल्यावरही तरुण नायिका होत राहिले. अंग सुटले होते, चेहरा थकला होता. गळा ऐकायला येणारे डोळे मिटून ऐकत, असे जुन्या माणसांच्या तोंडून मी ऐकले आहे. त्यांना ही सुई मिळाली असती तर त्यांनी घेतली असती का? मला वाटते, घेतली असती, आणि मी त्यांना हसलो नसतो. ज्याचा चेहरा हेच ज्याचे शेत आहे, त्याने ते नांगरून-कुळवून नीट ठेवू नये असे आपण कसे म्हणावे?

त्याच शेताशेजारी दुसरा एक चेहरा मला आठवतो. कर्मवीर भाऊराव पाटील 1887 चे, म्हणजे बालगंधर्वांहून एका वर्षाने वडील. दोघांनाही शाहू महाराजांचा परिसस्पर्श झाला. दोघांच्या आयुष्यात किर्लोस्कर हे नाव आले. एकाला नाटक मंडळीचे, दुसऱ्याला नांगराच्या कारखान्याचे. एकाने पुढे गंधर्व मंडळी काढली आणि भरजरी वस्त्रे, अस्सल दागिने, उंची अत्तरे यांपायी कर्ज ओढवून घेतले. दुसऱ्याने 1919 साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली आणि वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्याच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, मंगळसूत्रसुद्धा मोडले. साताऱ्याकडच्या शाळाशाळांतून कर्मवीरांची तसबीर टांगलेली असते. पांढरी दाढी, उन्हाने रापलेले कातडे, कपाळावर ठसठशीत रेघा. वर्षानुवर्षे ती तसबीर डोक्यावर घेऊन मी फळ्यावर लिहीत आलो. त्या रेघा कुणी पुसून टाकल्या, तर तो फोटो ओळखू येईल. पण त्या चेहऱ्यामागे किती मैलांची पायपीट आहे, ते मात्र पोरांना कळणार नाही.

या दोन चेहऱ्यांत एक खरा आणि एक खोटा, असे मी म्हणणार नाही. बालगंधर्व रंग लावत, तो सर्वांच्या देखत आणि सर्वांच्या संमतीने. तिकीट काढून आत शिरलेल्या प्रत्येकाला ठाऊक असे, की हा बाप्या आहे. फसवणूक नव्हती. मग फसवणूक कुठे सुरू होते?

या प्रश्नाचे उत्तर सांगलीजवळच्या हरिपूरच्या माणसाने देऊन ठेवले आहे. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, जन्म 1855 चा. हे हरिपूर हळदीच्या पेवांसाठीही प्रसिद्ध आहे. जमिनीच्या पोटात खोल खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. आणि हळद म्हणजे आपल्या समाजाने पुरुषाला मुभा दिलेले एकुलते एक सौंदर्यप्रसाधन! आयुष्यात एक दिवस त्याने तोंडाला हळद फासून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी बोहल्यावर उजळ दिसावे, एवढेच. 1899 साली रंगभूमीवर आलेल्या देवलांच्या ‘शारदा’ नाटकातला भुजंगनाथ हीच हळद उतारवयात पुन्हा लावून घ्यायला निघाला. पैसा आहे, वय पाऊणशेच्या घरात आहे, आणि बायको हवी आहे कोवळी मुलगी. स्वतःला जवान म्हणवून घेण्याची त्याची धडपड पाहून थिएटरे हसून लोळली. पण देवल नुसते त्याच्या सुरकुत्यांना हसले नाहीत. त्याच्या तरुण होण्याची किंमत शारदेने चुकवायची होती. तिच्या बापाने, कांचनभटाने, ती किंमत नाण्यांत घेतली होती. तिच्या वाट्याला नदीचा डोहच यायचा, तो कोदंडामुळे टळला. नवल असे, की त्याच 1899 च्या सुमारास व्हिएन्नात गेरझुनी नावाचा शल्यवैद्य माणसाच्या अंगात पॅराफिनचे इंजेक्शन देऊन पाहत होता. त्यानंतर सुरकुत्या भरून काढायला लोक तोंडात पॅराफिन टोचून घेऊ लागले. ते तोंडात सरकत जाई, त्याच्या गाठी होत आणि चेहरे कायमचे विद्रूप होत. तिकडे किंमत निदान ज्याची त्याने मोजली. इकडे ती पोरीच्या नावावर मांडली गेली.

हीच गोष्ट महाभारताने त्याआधी सांगून ठेवली होती. शुक्राचार्यांच्या शापाने ययाती अकाली म्हातारा झाला. तारुण्य हवे तर दुसऱ्याने आपले द्यायला हवे, अशी अट. थोरल्या मुलांनी नकार दिला, धाकट्या पुरूने दिले. मराठीत ही कथा घरोघर पोहोचवली ती सांगलीत 1898 साली जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी. त्यांची ‘ययाति’ 1959 मध्ये आली आणि पुढे ज्ञानपीठाचा मान मराठीत प्रथम त्यांनीच आणला. शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करत लिहिणारा हा माणूस, म्हणून आम्हा मास्तर लोकांना तो विशेष आपला वाटतो. कृष्णाकाठच्या देवलांना आणि खांडेकरांना साठ वर्षांच्या अंतराने एकच विषय छळत होता, हा मला योगायोग वाटत नाही. ज्या गावात सत्ता, शेती आणि पैसा वडीलधाऱ्या पुरुषाच्या मुठीत असतो, तिथे त्याचे म्हातारपण हा सगळ्या घराचा प्रश्न होऊन बसतो.

तेव्हा तरुण दिसण्याच्या प्रत्येक खटपटीला एकच प्रश्न विचारावा: याची किंमत कोण देतो? या कसोटीवर आजची सुई पाहिली, तर मला तिचा फारसा राग करता येत नाही. तिला पुरू लागत नाही, शारदा लागत नाही. बाप तीन-चार महिन्यांनी स्वतःच्या खिशात हात घालतो, स्वतःच्या कपाळात टोचून घेतो. ययातीच्या मानाने हा व्यवहार सोवळा म्हटला पाहिजे.

पण सुई घ्यायला जाणारा माणूस कोण आहे, ते पाहिले की हसू मावळते. भुजंगनाथ पाऊणशेचा होता. आजचा भुजंगनाथ छत्तीस वर्षांचा आहे. चार एकर ऊस आहे, घर बांधले आहे, आणि मुलगी मिळत नाही. फोटो पाहून मुलीकडचे ‘वय जास्त वाटते’ म्हणतात. तो कपाळ गुळगुळीत करून नवा फोटो काढतो. त्याला मुलगी का मिळत नाही? नोकरीवाल्याची ओढ आणि शेतीची कुतरओढ ही कारणे आहेतच. पण 2001 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे 851 मुली मोजल्या गेल्या, हेही विसरू नये. गर्भलिंगतपासणीविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्येच, देशात सर्वांआधी, कायदा केला होता. तरीही हा आकडा आला. तेव्हा पाळण्यात असलेली ती पोरे आता लग्नाला आली आहेत. शारदेला बोहल्यावर चढवणाऱ्या कांचनभटाची जागा आपण सगळ्यांनी मिळून घेतली, आणि शारदेला जन्मूच दिले नाही. या पोरांच्या कपाळावर आठी येते ती त्या हिशेबाची. तिला टोचून गप्प करता येईल, हिशेब मात्र तसाच राहील.

दुसरी काळजी माझ्या धंद्यातली आहे. 2009 च्या कायद्याने शाळेतून छडी गेली, हे फार बरे झाले. मास्तराच्या हाती उरली ती आठी. वर्गात गलका वाढला की मी काही बोलत नाही, भुवया जवळ आणतो. पहिल्या बाकावरचा गप्प होतो, मग दुसऱ्यावरचा. पोरे आमचा चेहरा पुस्तकाआधी वाचतात. घरी बापाचाही तसाच वाचतात. बाप रागावला आहे, काळजीत आहे, की नुसता दमला आहे, हे त्यांना त्या दोन बोटांच्या जागेवरून कळते. आपल्याकडचा पुरुष मुळातच थोडे बोलणारा. प्रेम तो तोंडाने सांगत नाही, दुःख सांगत नाही. जे सांगतो ते कपाळाने. तीच एक वाट बंद झाली, तर त्याने आता तोंडाने बोलायला शिकले पाहिजे. तसे तो शिकला, तर मी त्या सुईला दुवाच देईन.

म्हणून कुणा ओळखीच्या माणसाचे कपाळ एकाएकी कोरे दिसले, तर त्याची टर उडवू नये. औषध खात्रीच्या डॉक्टरकडून घेतलेस ना, एवढे विचारावे. आणि मग आपल्या शेजारी बसवून घेऊन, इतके दिवस त्या आठीत काय होते, तेही विचारावे. सटवाईचे लिहिलेले पुसता येत नाही असे म्हणतात. पण माणसाने स्वतःच्या हयातीत तिथे जे लिहिले, ते पुसण्याआधी कुणीतरी एकदा वाचलेले असावे, एवढे मात्र मला मनापासून वाटते.